‘राहू दे, मी करतो’ म्हणणारे आमचे हे

पत्र: आमचे हे निवृत्त होऊन सात वर्षं झाली. नोकरी हिशेबाची, पण जीव सगळा तारांमध्ये. लग्न होऊन आले तेव्हा खोलीत एक रेडिओ पोट उघडून पडलेला असायचा, आता थ्रीडी प्रिंटर रात्रभर कुरकुरत असतो. मधल्या काळात जे जे नवीन निघालं ते ते घरात आलं आणि बाहेर काहीच गेलं नाही. दिवे, पंखे, दाराची बेल, सगळं ह्यांनी फोनवर घेतलंय. गेल्या महिन्यात ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दोन रात्री दवाखान्यात होते. दुसऱ्या रात्री लाइट जाऊन परत आली, आणि तेव्हापासून बाथरूमचा दिवा लागेना, हॉलचा विझेना. सलाइन लावलेल्या माणसाला फोन करून दिवा कसा लावायचा हे विचारायची लाज वाटली. टॉर्च घेऊन रात्र काढली. मुलगी म्हणते, बाबांचं कार्ड काढून घे. ते मला पटत नाही, पण ह्यांना आवरायचं कसं? हल्ली उशिरापर्यंत त्या एआयशी गप्पा चालतात, आणि आता डोळ्यांवर लावला की आभासी जग दाखवणारा व्हीआर चष्मा हवाय. घेऊ देऊ का? काही विचारायला गेलं की एकच उत्तर, ‘राहू दे, मी करतो.’

ताई,

मुलीचा सल्ला आधी निकालात काढू. कार्ड काढून घेऊ नका. आयुष्यभर हिशेबाची नोकरी केलेल्या माणसाला स्वतःच्या पैशांसाठी हात पुढे करायला लावणं हा अपमान आहे, आणि त्याने दिवा लागणार नाही तो नाहीच. शिवाय तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पैशांची तक्रार कुठेच नाही. उधारी नाही, घरखर्चाला कात्री नाही. तक्रार आहे ती त्या दुसऱ्या रात्रीची, आणि ती शंभर टक्के रास्त आहे.

म्हणून ‘ह्यांना आवरू कसं’ हा प्रश्न मी थोडा बदलून घेते. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचा लहानपणापासूनचा नाद आता कोणी आवरू शकत नाही, आणि आवरलाच तर घरात जो माणूस उरेल तो तुम्हाला आवडणार नाही. पण त्या नादाला एक अट घालता येते. टेबलावर त्यांनी हवं ते करावं. फोडावं, जोडावं, रात्री दोन वाजेपर्यंत तारा जोडायला डाग देत बसावं. मात्र ज्या वस्तूला घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात लागतो, ती वस्तू ते घरात नसतानाही चालली पाहिजे. बाकी कशाकशावरून तुमचे खटके उडत असतील ते उडू द्या. ही अट तेवढी सोडू नका.

ती त्यांना पटवायची कशी, याकडे येते. त्याआधी हा माणूस असा का आहे, त्याबद्दल थोडं.

ट्रान्झिस्टरचा, म्हणजे विजेचं इवलंसं बटण होऊ शकणाऱ्या भागाचा, शोध लागला डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. खिशात मावणारा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला १९५४ साली. म्हणजे तुमचे मिस्टर शाळेत जायला लागले तेव्हा घराघरांत अजून वाल्वचे रेडिओच जास्त असणार. वाल्वचा रेडिओ मागून उघडला की आत काचेचे दिवे नारिंगी पेटलेले दिसायचे. एखादा विझलेला असला की बिघाडाचा पहिला संशयित सापडलाच. बारा वर्षांच्या मुलालाही बिघाड डोळ्यांनी दिसायचा, ही केवढी मोठी गोष्ट होती! मग १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली, एका चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर. त्याच सुमारास हान्स कामेन्झिंड नावाच्या इंजिनियरने ५५५ नावाची टायमर चिप तयार केली. १९७२ पासून ती विकली जातेय आणि अजूनही बनते. आठ पायांचा काळा किडा. ह्यांच्या खणात डझनभर तरी निघतील, विचारून बघा. पुढे १९८२ च्या सुमाराला घरगुती कॉम्प्युटर आले, झेडएक्स स्पेक्ट्रमसारखे, टीव्हीला जोडायचे. त्यांचे प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर पाच-पाच मिनिटं किंचाळत राहायचा आणि शेवटच्या क्षणी कळायचं की प्रोग्रॅम चढलाच नाही. पुन्हा टेप गुंडाळा. मग मोडेम, फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारे. आणि आज खिशातल्या भारी फोनच्या चिपवर हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर असतात.

हे सगळं एका माणसाच्या हयातीत झालं. त्याच्या आधीच्या पिढीने इतका बदल पाहिला नाही, आणि पुढच्या पिढीला फोन आयता मिळाला. प्रत्येक टप्प्यावर ह्यांनी ती वस्तू उघडून आत डोकावून पाहिलं असणार. बाजारात नवं काही आलं की त्यांचे डोळे चमकतात ते त्या सवयीने. खरेदीची हौस निराळी, ही निराळी. खरेदीची हौस असलेला माणूस जुनं फेकतो. ह्यांनी काहीच फेकलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

फरक पडलाय तो वस्तूंमध्ये, आणि ही गोष्ट ह्या मंडळींना मान्य करायला जड जाते. उघडा रेडिओ टेबलावर महिनाभर पडून राहिला तर घरात कोणाचं काही अडत नव्हतं. फार तर फडका मारताना तुम्हाला अडचण. आजची वस्तू भिंतीत बसते, दिव्यात बसते, दारावर बसते, आणि वर कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर अवलंबून असते. रेव्हॉल्व्ह नावाचं घरातली उपकरणं चालवणारं एक यंत्र होतं. ती कंपनी नेस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या यंत्राची सेवाच बंद केली. लोकांच्या घरातली यंत्रं मोडली नव्हती, वायर तुटली नव्हती. पलीकडून सेवा थांबली आणि अलीकडे ठोकळा उरला. असल्या बिघाडाला वीज मोजायचा मल्टिमीटर लावून काय कळणार? तुमचे मिस्टर जुन्या आत्मविश्वासाने नव्या वस्तू घरात बसवतायत, आणि त्या दोघांचा मेळ बसत नाही. तिथे तुमची ती रात्र सापडली.

त्या रात्री काय झालं असेल याचा माझा अंदाज सांगते. फोनवर चालणाऱ्या बऱ्याच दिव्यांना कारखान्यातून अशी सवय लावलेली असते की वीज गेली आणि परत आली, की पूर्ण तेजाने पेटायचं. यामागे विचार असा की निदान भिंतीवरचं बटण बंद-चालू करून तरी दिवा लागावा. तुमचा हॉलचा दिवा तसा पेटला. तो विझेना, कारण त्याला आज्ञा देणारी मधली पेटी उठलीच नाही. छंदिष्ट लोक या कामाला बहुधा रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा छोटा कॉम्प्युटर वापरतात. तो २०१२ मध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून निघाला आणि निम्मा गेला ह्यांच्यासारख्या आजोबांच्या टेबलांवर. चीज उत्तम आहे, पण त्याचा सगळा संसार फोनमधल्यासारख्या मेमरी कार्डावर असतो. त्या कार्डावर सतत लिहिणं चालू असतं, आणि लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडू शकतं. मग पेटी जागी होत नाही आणि घर मुकं होतं. बाथरूमचा दिवा वीज येताच पेटणाऱ्यांतला नसावा, आणि दोन्ही दिव्यांचं बटण ह्यांनी बहुतेक भिंतीतून काढूनच टाकलंय किंवा आतल्या आत तार जोडून कायमचं चालू केलंय. तसं असेल तर ती चूक त्यांची, आणि ते ऐकून घेतील, कारण ती तांत्रिक चूक आहे.

आणि इथेच तुम्हाला वाट आहे. अशा माणसाशी गाऱ्हाणं घेऊन बोललात की तो गप्प बसतो किंवा ‘राहू दे, मी करतो’ म्हणतो. तेच त्याच्यासमोर कोडं म्हणून ठेवलंत तर रात्री झोपणार नाही. आलेलं कोडं परत पाठवणं त्याच्या रक्तातच नसतं. म्हणून ‘तुमच्या त्या खेळण्यांपायी मी अंधारात बसले’ हे वाक्य, कितीही खरं असलं तरी, आत्ता गिळा. त्याऐवजी म्हणा, ‘तुम्ही बांधलेल्या यंत्रणेत एक दोष सापडलाय. तुम्ही नसलात की ती कोसळते. असं चालतं का?’

बरोबर एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. नेटफ्लिक्सने एक प्रोग्रॅम लिहिला, नाव ठेवलं केऑस मंकी, म्हणजे गोंधळ घालणारं माकड. त्याचं काम एकच: आपल्याच कंपनीचे चालू सर्व्हर मुद्दाम, अधूनमधून, न सांगता बंद पाडायचे. हेतू हा की एखादा सर्व्हर मेला तरी प्रेक्षकाला पत्ता लागू नये, आणि लागलाच तर इंजिनियरांना कामाच्या वेळेत कळावं, मध्यरात्री नको. २०१२ मध्ये तो त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या घरात ते माकड व्हायचं काम तुम्ही करायचं. एका सुट्टीच्या दिवशी ह्यांनी सकाळी फोन बंद करून घराबाहेर जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. जाताना मेन स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा आणि मग निघायचं, म्हणजे त्या रात्रीची परिस्थिती पुरती तयार होईल. मग तुम्ही नेहमीसारखं घर चालवायचं आणि जे जे अडेल ते वहीत लिहायचं. दुरुस्ती करायची नाही, फोन करायचा नाही, फक्त लिहायचं. ‘गीझर कधी चालू आहे कळत नाही.’ ‘बेल वाजते पण माझ्या फोनवर येत नाही.’ ‘टीव्ही लागला पण आवाज दुसऱ्याच स्पीकरमधून.’ संध्याकाळी वही हातात द्या आणि बाजूला व्हा. एकही टोमणा मारू नका; मारावासा वाटेल, तरी.

त्या वहीतून काय निघावं, याची मला कल्पना आहे. पहिलं म्हणजे दिवा-पंख्याला भिंतीवरचं बटण असलंच पाहिजे आणि ते पेटी मेली, राउटर मेला, इंटरनेट गेलं, तरी चाललं पाहिजे. यासाठी फोनवर चालणारे दिवे काढून साधे बसवायचे आणि हुशारी बटणाच्या मागे, भिंतीतल्या डबीत न्यायची. छोटे रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप करणारी बटणं, मिळतात, ते जुन्या बटणालाही ओळखतात आणि फोनलाही. बटण दाबलं की दिवा लागणार, मग मागे कितीही खटाटोप असो. घरी आलेल्या पाहुण्याला काही शिकवावं लागत नाही. हे काम त्यांना येत असेल, पण भिंतीतल्या जोडण्या आहेत, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. टेबलावरच्या पाच व्होल्टची सवय भिंतीतल्या तारांना चालत नाही. दुसरं, त्या पेटीच्या मेमरी कार्डाची हुबेहूब प्रत काढून, पाकिटात घालून, वर ‘घर बंद पडलं तर हे घाला’ असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवायची. कार्डाऐवजी एसएसडी, म्हणजे त्याहून टिकाऊ साठवणीची डिस्क, लावली तर आणखी बरं. पेटीला आणि राउटरला छोटा यूपीएस, वीज गेली तरी थोडा वेळ चालू ठेवणारा. आणि कुठलंही नवीन उपकरण घेताना एक प्रश्न: इंटरनेट नसताना हे चालतं का? नसेल चालत तर ते टेबलावर राहील, भिंतीत जाणार नाही. दाराचं कुलूप तर मुळीच नाही, त्याला चावी पाहिजेच.

आता ‘राहू दे, मी करतो’चं बघू. हे वाक्य प्रेमाने सुरू होतं, हे मी मानते. पण वर्षानुवर्षं ऐकलं की ऐकणाऱ्याचे हात कामातून जातात. ह्यांनी तुमच्या हातून फोन घेतला, अंगठा दोन-चार वेळा फिरवला, ‘झालं बघ’ म्हणून परत दिला, यात तुम्ही काय शिकलात? काही नाही. तेव्हा शिकवणीचा नियम बदला. फोन तुमच्या हातात, त्यांचे दोन्ही हात पाठीमागे, शब्दशः पाठीमागे. त्यांनी फक्त तोंडाने सांगायचं आणि तुम्ही बोट ठेवायचं. पहिल्यांदा त्यांचा जीव कासावीस होईल. ‘अगं तिथे नाही, वर, वर, उजवीकडे’ असं म्हणता म्हणता हात पुढे येईल. तेव्हा फोन खाली ठेवायचा. एका बैठकीत एकच काम. झालं की तेच तुम्ही तुमच्या शब्दांत त्या वहीत लिहायचं. त्यांनी लिहिलेल्या सूचना घेऊ नका. ते ‘नोड रीस्टार्ट करणे’ लिहितील आणि पुढच्या अंधारात तुम्ही ते नोड शोधत बसाल. तुम्ही लिहा, ‘पुस्तकांच्या कपाटामागची काळी डबी, हिरवा दिवा असलेली, तिची पिन काढून दहा आकडे मोजून परत लावणे.’

वहीचं शेवटचं पान पासवर्डांसाठी. हा विषय काढताना जड वाटतं, कारण तो माणूस नसण्याचा विषय आहे. पण हिशेबनीस माणसाला वारसपत्र म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. राउटर, वीजबिल, फोटो, ईमेल, बँक, यांपैकी किती गोष्टी फक्त त्यांच्या फोनवर येणाऱ्या कोडने उघडतात ते एकदा मोजा. दोन टप्प्यांच्या तपासणीसाठी बॅकअप कोड मिळतात, ते छापून कागदांच्या कपाटात कुलपात ठेवा. गुगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला त्यातली माहिती मिळते. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस नेमायची सोय दिली. दोन्ही ठिकाणी जिवंतपणीच नाव घालून ठेवावं लागतं. नंतर काही करता येत नाही, निदान सहजासहजी.

टेबलावर हवं ते करू द्या म्हटलं खरं, पण दोन बाबतींत मी टेबलालाही सूट देणार नाही. एक, फुगलेल्या बॅटऱ्या. जुने फोन, टॅब, रिमोटवरची खेळणी, यांच्या लिथियम बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की आत वायू तयार होऊन उशीसारख्या फुगतात. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही आणि ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून तारांच्या खणात ठेवायची नाही. जिथे जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे जाऊ द्या. धडधाकट असलेल्या ठेवायच्या तर निम्म्या चार्जवर, थंड जागी, टोकांना चिकटपट्टी लावून. येत्या रविवारी सगळे खण उघडून दोघांनी पाहा. तुम्हाला ओळखायला अवघड नाही: फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसलं की समजायचं.

दुसरा, तो रात्रभर कुरकुरणारा प्रिंटर. थरावर थर देऊन वस्तू बनवायला त्याचं टोक प्लास्टिक वितळवतं, आणि साध्या प्लास्टिकसाठीही ते दोनशे अंशांच्या आसपास तापतं. तापमान मोजणारा कण जागेवरून निसटला तर यंत्राला वाटतं आपण गारच आहोत, आणि ते तापतच राहतं. चांगल्या यंत्रांत याला आळा घालणारी सोय असते, जुन्या स्वस्त यंत्रांत ती कधी कधी बंद ठेवलेली आढळली आहे. त्यांना विचारा, ‘तुमच्यात थर्मल रनअवेचं संरक्षण चालू आहे का?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून ऐकून ते खुर्चीतून पडतील, पण तपासतील. उत्तर काहीही आलं तरी घर झोपलेलं असताना छपाई नको. खोलीत धूर ओळखणारं यंत्र बसवा आणि खिडकी उघडी ठेवा.

अडगळीबद्दल मी तुमच्याइतकी कडक नाही. जुने ट्रान्सफॉर्मर, तारांची भेंडोळी, पिना, हे अन्न न खाणारे पाहुणे आहेत. एका कपाटाची हद्द ठरवा, भरलं की नवीन आत येण्याआधी जुनं बाहेर. जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर तुम्ही कोणी आवरायच्या भरात उघडू नका, बंद असूनही त्यात हजारो व्होल्टचा भार दडून राहिलेला असतो. पण त्या ढिगातल्या एका गोष्टीची मात्र घाई करा. कॅसेट आणि व्हिडिओ टेप. चुंबकीय फीत पडल्या पडल्या खराब होते, आणि त्याहून आधी ती वाजवणारी यंत्रं मरतात. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही जवळपास शेवटची कंपनी, तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. आता जुनंच यंत्र दुरुस्त करायचं, आणि त्यासाठी तुमच्या मिस्टरांहून योग्य माणूस कोण? टेपरेकॉर्डर थेट चालू करू नका म्हणावं. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखा चिकट होतो, तो आधी पुसून काढून नवा घालावा लागतो, नाहीतर मुलीचा लहानपणीचा आवाज पहिल्याच फेरीत गुंडाळला जाईल. कार्ड काढून घ्या म्हणणाऱ्या मुलीला त्यातला एखादा तुकडा पाठवून द्या.

आणि सोबत. तुमच्या पत्रात ह्यांच्या एकाही मित्राचा उल्लेख नाही. नोकरीतले हिशेबाचे मित्र या नादाला ओळखत नसणार. एआयशी उशिरापर्यंत गप्पा चालतात त्याचं कारण मला तिथेच दिसतं. रात्री अकराला ‘या रिलेच्या कॉइलला डायोड उलटा का लावायचा’ हे न कंटाळता बोलणारं दुसरं कोण आहे घरात? त्याला मी नावं ठेवणार नाही. औषध आणि पैसा या दोन विषयांत त्याचा शब्द अंतिम नाही एवढं दोघांनी ठरवा. हाडामांसाची माणसंही हवीतच. मार्टिन पोस्टमा या डच बाईंनी ऑक्टोबर २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं: लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या, जाणकारांनी फुकट, त्यांच्यासमोर, त्यांच्याकडूनच दुरुस्त करवून घ्यायच्या. तेव्हापासून अनेक देशांत ती पसरली. जवळपास नसेल तर वाचनालयाच्या किंवा शाळेच्या एका खोलीत महिन्यातून एक सकाळ पुरते. तिथे ‘राहू दे, मी करतो’ चालत नाही, हा वरचा फायदा.

हौशी रेडिओची, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संदेशांवर बोलणारी, मंडळीही अशीच. ह्यांना एक प्रश्न विचारा: ‘एओ-७ माहीत आहे का?’ हौशी रेडिओवाल्यांचा हा उपग्रह नोव्हेंबर १९७४ मध्ये वर गेला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन तो मुका झाला, सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिला. आणि जून २००२ मध्ये तो पुन्हा बोलू लागला. शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटली असावी, त्यामुळे सौर पट्ट्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली. उन्हात असला की जागा, सावलीत गेला की गप्प, पुन्हा ऊन लागलं की पहिल्यापासून सुरू. पन्नाशीच्या उंबरठ्यावरही लोक तो ऐकत होते. कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणाऱ्या स्वस्त कांड्या मिळायच्या ना, त्यांतल्या एका चिपचा रेडिओ म्हणून उपयोग होतो हे २०१२ च्या सुमाराला छंदिष्टांमध्ये पसरलं. तशी एखादी कांडी ह्यांच्या खणात नक्की पडलेली असेल. तुमच्या देशातला परवान्याचा नियम आधी बघायला सांगा, आणि मग अँटेना धरायला एकदा तुम्ही गच्चीवर जा. आवडलं नाही तर पुन्हा जाऊ नका.

एक गोष्ट मात्र त्यांच्याशी स्पष्ट बोला. ‘मला यातलं कळतं’ असं वाटणारा निवृत्त माणूस फसवणाऱ्यांचा आवडता असतो. ज्याला कळत नाही तो घाबरून फोन ठेवतो. ज्याला कळतं तो समोरच्याची चूक दाखवायला बोलत राहतो, आणि बोलता बोलता स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देतो. ठरवून टाका: आलेल्या फोनवर कोणतंही ॲप घालायचं नाही, आणि नव्या वस्तूसाठी वेगळं, मर्यादित रकमेचं खातं, ज्यावर तुमची नजर नसेल. हो, नसेल. मुलीला हवं असलेलं संरक्षण त्यातून मिळतं, आणि ह्यांचा मानही राहतो.

राहिला व्हीआर चष्मा. घेऊ द्या, पण आधी कुठेतरी अर्धा तास लावून बघायला सांगा. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण जागेवर आहोत; या भांडणात काही जणांना मळमळतं, आणि ते कोणाला होईल हे लावल्याशिवाय कळत नाही. नजरेचा चष्मा असेल तर तो आत मावतो का, की वेगळी भिंगं बसवावी लागतात, हेही तिथेच पाहावं. आणि घरी आणला तरी हर्नियाचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वीचं आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत उड्या, वाकणं, तलवारबाजी काही नाही, खुर्चीत बसून बघायच्या गोष्टी बघाव्यात. खुर्ची चाकांची नको.